सत्यवानाचा भोंगा

जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणं हा धंदा नाही, डोक्याला ताप आहे. कुडाळात माझं छोटं दुकान आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे पितळी दिवे, मीटर, रेडिएटरची टोपणं असलं कायबाय मी लोकांच्या माळ्यांवरून शोधून काढतो आणि पुण्यामुंबईच्या हौशी मंडळींना विकतो. गिऱ्हाईक एकवेळ परवडलं, पण माल ज्याच्याकडे असतो तो माणूस? देवा म्हाराजा!

पुण्याच्या एका साहेबांकडे १९११ सालची मोटार. सगळी उभी केली, फक्त नागमोडी पितळी भोंगा मिळेना. परदेशातसुद्धा मिळेना. आणि तो होता कुठे? तर सत्यवान मासेवाल्याच्या खटारा मोपेडवर! त्याचा आजा एका डॉक्टरांच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. मोटार भंगारात गेली, भोंगा आज्याने काढून घेतला. रबरी फुगा दाबला की रेड्याने रेकावं तसा आवाज.

दोन वर्षं मी सत्यवानाच्या मागे लागलो होतो. प्रत्येक वेळी एकच उत्तर, बघूया. शेवटी मोपेड कायमची बसली, तेव्हा भोंग्याच्या बदल्यात मी त्याला चांगली सेकंडहँड स्कूटर दिली. वर कणकवलीच्या बाजारातून नवाकोरा भोंगा आणून स्वतःच्या हाताने बसवून दिला. आता याहून माणसाने काय करायचं?

पाचव्या दिवशी सत्यवान दुकानात हजर. म्हणे, मासे खपत नाहीत, बायका घराबाहेरच येत नाहीत. मी म्हटलं, त्यात माझा काय संबंध? त्याने मला स्कूटरवर मागे बसवलं आणि वाडीवर नेलं.

आमच्याकडची घरं रस्त्यापासून आत, माडा-काजूंच्या गर्दीत. रस्त्यावर कोण आलं ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. सत्यवानाने भोंगा वाजवला. वाडीतल्या हौसाबाई गुडघे धरत पाणंदीतून वर आल्या, पेटीतले बांगडे बघितले आणि आम्हा दोघांवर उखडल्या. त्यांना पाव हवे होते. मी आणलेला भोंगा पाववाल्याच्या भोंग्यासारखा होता, अगदी तस्सा! ज्यांना मासे हवे होते ते पाववाला समजून घरात बसले, आणि पावाची गिऱ्हाइकं आम्हाला शिव्या घालत परत गेली. चूक माझीच, पण कबूल करायला जीभ वळेना.

आठ दिवसांत सवय होईल, असं मी ठोकून दिलं. आठ दिवसांत त्या वाटेवर दुसरा मासेवाला फिरू लागला. सत्यवान आजारी पडला असंच लोक धरून चालले. पंचवीस वर्षं बांधलेली गिऱ्हाइकं हातची चालली होती. तो भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण हा बाबा फेरी आटपून माझ्या पायरीवर बसून राहायचा. मला अपराधी वाटायचं आणि त्याचाच जास्त राग यायचा.

साहेबांना विकलेला भोंगा परत मागायला तोंड नव्हतं. मग सुचलं, साहेबांना तो वाजवायला सांगू, मोबाईलवर रेकॉर्ड करू आणि स्कूटरला स्पीकर लावू. हल्ली भाजीवालेही तेच करतात. सत्यवानाला समोर बसवलं, फोन स्पीकरवर टाकला. साहेब भलतेच खुशीत. प्रदर्शनात गाडीचा पहिला नंबर आला, तोही भोंग्यामुळेच, म्हणाले. मी म्हटलं, एकदा वाजवून दाखवा की.

"वाजवून? अहो, आतली आवाजाची पट्टीच काढून टाकली मी. कुठे गेली कोण जाणे. पोरं येता-जाता पोंपों करत होती. आणि तसाही त्याचा आवाज कोणाला हवाय?"

सत्यवान फोनवर वाकला.

"माका होयो होतो," तो म्हणाला.

साहेबांना ते ऐकू गेलं नाही. भोंग्याला कुठलं पॉलिश लावलं, ते सांगत होते.