बाईंचा लिफाफा

किटलीतून वाफ येऊ लागली तशी त्याने लिफाफ्याची कड तिच्यावर धरली, पण वीतभर अंतर ठेवून. घाई केली की कागद फुगतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? औषधांच्या कारखान्यात बाटल्यांची आणि खोक्यांची सीलं तपासण्यात त्याची सतरा वर्षं गेली होती. उघडून पुन्हा बंद केलेलं खोकं तो नुसता अंगठा फिरवून ओळखायचा. कारखान्यात त्याला पाठीमागे 'भिंगसाहेब' म्हणत. हे त्याला माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही.

रविवारची दुपार होती. बायको मोठ्या बॅगा बघायला बाजारात गेली होती आणि मुलगी आतल्या खोलीत सोबत न्यायची पुस्तकं निवडत बसली होती.

कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी परदेशातल्या नव्या कारखान्यावर नेमलं होतं. तिथल्या चार आंतरराष्ट्रीय शाळांना नवरा-बायकोने पत्रं पाठवली. तीन शाळांनी जागा नाही म्हणून कळवलं. चौथ्या शाळेत सहावीच्या वर्गात एकच जागा उरली होती. त्या शाळेने मागितलेल्या कागदांच्या यादीत शेवटची ओळ अशी: सध्याच्या वर्गशिक्षिकेचा गोपनीय अभिप्राय, बंद लिफाफ्यात, चिकटवलेल्या जागेवर सहीसह. लिफाफा उघडलेला आढळल्यास अर्ज बाद.

बायकोने आधीच सांगून टाकलं होतं.

"शाळा मिळाली तर आम्ही दोघी येतो. नाहीतर तू एकटा जा. आम्ही सुट्टीत येऊ."

तीन वर्षं एकट्याने काढायची कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. आणि आता सगळं कुणाच्या हातात होतं, तर या वर्गशिक्षिकेच्या. दोन वर्षांपूर्वी त्याने याच बाईंविरुद्ध मुख्याध्यापकांकडे दोन पानी तक्रार दिली होती. बाईंनी मुलीला तासभर वर्गाबाहेर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. एका पालकाने ते पाहिलं होतं, आणि मुलीनेही घरी कबूल केलं होतं. तक्रारीनंतर बाईंचा वर्ग वर्षभर काढून घेतला गेला. यंदा नेमकी मुलगी पुन्हा त्यांच्याच वर्गात आली.

काल लिफाफा देताना बाई हसल्या होत्या. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. जिचं एक वर्ष आपण वाया घालवलं, ती बाई आपल्याकडे बघून हसते कशाला? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर ताकाचं भांडं उपडं करून त्याचा तळ तपासणाऱ्यातला.

कड सुटली. सहीला धक्का न लागता सुटली, म्हणून त्याला थोडा अभिमानही वाटला. आतून दोन पानांचा छापील नमुना निघाला, त्यावर बाईंचं गोल, ठाम अक्षर. गणित उत्तम. वाचन उत्तम. इतरांना मदत करते, न सांगता करते. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गोड बोलून गळा कापणारी माणसं त्याने काय थोडी पाहिली होती?

सातवा प्रश्न होता: विद्यार्थिनीला कधी शिक्षा करावी लागली आहे का? बाईंनी लिहिलं होतं, 'कधीही नाही.'

"सापडली," तो पुटपुटला.

नववा प्रश्न होता: विद्यार्थिनी खरं बोलते का? पुढे तीन चौकोन. बाईंनी 'नेहमी'वर खूण केली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घाबरलेली नसली तर.'

हे वाक्य त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं. घाबरते कुणाला? बाईंनाच, दुसरं कुणाला घाबरणार! त्याने मुलीला हाक मारली.

ती दारात आली. तिने किटली पाहिली, उघडा लिफाफा पाहिला, आणि त्याच्या हातातले कागद पाहिले.

"बाईंनी लिहिलंय, तुला कधीच शिक्षा झाली नाही म्हणून. खोटं आहे ना हे?"

मुलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"हो. खोटं आहे."

उत्तर फार चटकन आलं. जे झाकण फार सहज निघतं ते आधी कधीतरी उघडलेलं असतं, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. त्याने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसला. आता मुलीची मान त्याच्यापेक्षा वर होती.

"मी रागावणार नाही. बाईंनाही काही होणार नाही. त्या दिवशी तू बाहेर का बसली होतीस?"

कुणी बसवलं, किती वेळ, किती वाजता, हे सगळं त्याने तेव्हा खोदखोदून विचारलं होतं. हे मात्र आज पहिल्यांदाच.

ती ओट्याची कड नखाने खरवडत राहिली.

"रडू येत होतं. सगळ्यांसमोर नको, म्हणून बाईंनीच खुर्ची दिली. पाणीपण आणून दिलं."

"रडू कशाचं?"

"माझी मैत्रीण माझ्याजवळ बसेना. तू तिच्या घरी गेला होतास ना, बाटलीचं विचारायला."

बाटली. मुलीची पाण्याची नवी कोरी बाटली हरवली होती, आणि तो त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन, अगदी नम्रपणे, तिचं दप्तर उघडायला लावून आला होता. पाचव्या दिवशी बाटली त्याच्याच गाडीत, सीटखाली सापडली. तेव्हा त्याने ती गोष्ट हसण्यावारी नेली होती.

"मग शिक्षा झाली असं का सांगितलंस मला?"

"तू तसंच विचारत होतास. शिक्षाच होती ना, शिक्षाच होती ना, असं." ती थांबली. "मी हो म्हटलं, मग तू विचारायचा थांबलास."

त्याला लाज वाटली. एवढी लाज की त्याला मुलीकडे बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने कागद घडी करून आत सरकवले, कडेवरून गोंदाचा पातळ हात फिरवला, वर वजन ठेवलं. वाळल्यावर सवयीने अंगठा फिरवून पाहिला. त्याने स्वतःदेखील हा लिफाफा पास केला असता.

मुलगी अजून तिथेच होती.

"कुणाला कळणार नाही, बाबा," ती म्हणाली. मघाशी 'हो' म्हणाली होती, त्याच आवाजात.

सोमवारी सकाळी, घंटा व्हायच्या आधी, दोघं शिक्षकांच्या खोलीत उभे होते. कागद त्याच दिवशी कुरिअरने जायला हवे होते. बाईंनी लिफाफा उलटसुलट केला, आपल्या सहीवरून बोट फिरवलं. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, यांना कळलंच.

"ठीक आहे की. काय झालं?"

"मी उघडला होता."

बाईंनी लिफाफ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, मग मुलीकडे.

"चिकटवलाय मात्र छान."

घरून पाठ करून आणलेल्या माफीतली निम्मी वाक्यं तो विसरला, निम्मी कशीबशी बोलला. शेवटी म्हणाला, "तेव्हा मुख्याध्यापकांना तुम्ही खरं का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर ही खोटी ठरली असती. आणि संध्याकाळी घरी तुमच्यासमोर हिलाच उभं राहायचं होतं." बाईंनी टेबलाचा खण ओढला. "तुम्ही मला विचारलं असतंत तर तुम्हाला सांगितलं असतं मी. सगळ्यांना विचारलंत. माझ्याकडे तेवढे आला नाहीत."

खणात त्या काय शोधताहेत ते त्याला दिसेना. त्या शाळेचा पत्ता त्यांच्याकडे होता, फोन नंबरही. लिफाफा उघडल्याचं त्यांनी नुसतं कळवलं असतं तरी पुरे होतं, आणि त्यांना कुणी दोष दिला नसता.

बाईंनी नवा लिफाफा काढला, जुना फाडला, कागद नव्यात सरकवले.

"तो नववा प्रश्न," तो म्हणाला.

"तो मी बदलणार नाही."

"नका बदलू. तेच सांगत होतो."

बाईंनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कड चिकटवून त्यावर सही केली आणि लिफाफा मुलीच्या हातात दिला.

"जा, चौकातल्या कुरिअरवाल्याकडे देऊन ये. हजेरी मी नंतर लावते."

जिना उतरताना त्याचा हात आपोआप लिफाफ्याकडे गेला. कड नीट बसली आहे का, एवढंच बघायला. अर्ध्यातच त्याने तो मागे घेतला. मुलीने ते पाहिलं. तिने लिफाफा पलीकडच्या हातात घेतला, आणि अलीकडचा, त्याच्या बाजूचा हात रिकामा राहिला. लिफाफा त्याच्यापासून लांब असावा म्हणून, की हा हात त्याच्यासाठी मोकळा व्हावा म्हणून, हे तिला विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्याने विचारलं नाही.