कोमट वाऱ्याची गोष्ट

मी एका जुन्या मोटारीचा हिटर आहे. मित्रांनो, हसलात ना? पुण्यात हिटर कशाला, असं सगळेच म्हणतात. वर्षातले दहा महिने मला कुणी विचारत नाही. पण थंडीत, रविवारी पहाटे, गोपाळकृष्ण आणि त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई लोणी काळभोरला निघतात. बाई तिथे मुलांना पेटी शिकवतात. थंडीने त्यांची बोटं आखडतात. वाटेत हात माझ्यापुढे धरून त्या म्हणायच्या, "हा आहे म्हणून माझी पेटी आहे." मी फुशारून जायचो.

यंदा मात्र माझा वारा जेमतेम कोमट. बाईंची बोटं पट्ट्यांवर अडखळू लागली. "अहो, पुढच्या रविवारपासून वर्ग बंद करते," त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोपाळकृष्णांनी येरवड्याचे सुखदेव मिस्त्री गाठले. "हिटर गेलाय. काढून टाका."

मिस्त्रींनी इंजिनाचं गरम पाणी माझ्याकडे नेणारे-आणणारे दोन्ही पाइप चाचपले. "दोन्ही सारखेच कोमट. हिटर तुंबला असता तर एक गरम, एक गार लागला असता. काका, इंजिनच तापत नाय." त्यांनी इंजिनावरचं एक झाकण उघडलं. आत रिकामं! "थर्मोस्टॅट कुणी काढला?"

"मीच काढायला लावला. उन्हाळ्यात गाडी तापली, तेव्हा शेजारी म्हणाले, पुण्यात लागतो कशाला?"

"पुण्यात सल्ले फुकट मिळतात, काका."

मिस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट आणला. मुठीत मावेल एवढी झडप! तपासायला त्यांनी ती चहाच्या भांड्यात, उकळत्या पाण्यात सोडली. ती आपोआप उघडली. बाहेर काढल्यावर गार होताच मिटली. ना वायर, ना बटण. आत नुसतं मेण, तापलं की फुगणारं. मी थक्क झालो. ही इवलीशी झडप इंजिनाला ऊब येईपर्यंत पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून मी गरम! आणि मी आजवर ती ऊब माझीच समजत होतो.

पुढच्या रविवारी हडपसर मागे पडेपर्यंत बाईंची बोटं सैल झाली. त्या मांडीवरच सारेगम वाजवू लागल्या.

"हिटर बंद करू का गं? मला घाम आलाय."

"पुसा. आणि आज दोन तास शिकवणार आहे, गाडीतच बसा."

मित्रांनो, कुणी कमी पडला तर त्याला लगेच काढून टाकू नका. त्याच्यापर्यंत ऊब पोहोचते का, ते आधी हात लावून पाहा.