क्षीरामृताचा काळा ग्लास

नागावच्या एका होमस्टेच्या मांडवात सकाळी नऊपासून बायकांची रीघ लागली होती. व्यासपीठावर क्षीरानंद महाराज, पुढ्यात काचेचा ग्लास आणि ग्लासात पिवळसर 'तीर्थ'. महाराजांनी दवाखान्यातून मिळणारी रक्तवाढीची लाल गोळी कुटून त्यात टाकली आणि तीर्थ काळंकुट्ट झालं!

"पाहा, माउल्यांनो! हे विष तुम्ही पोटात घालता. म्हणूनच परसाकडला काळं होतं ना?"

बायका पदराआडून "व्हय, व्हय" म्हणाल्या. महाराजांनी वाटीतली चिमूटभर पांढरी भुकटी टाकून ढवळलं. काळं पाणी निवळलं, टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हे क्षीरामृत! गाईच्या दुधातलं पेप्टाईड! खनिज उचलून थेट रक्तात नेतं, विज्ञानसुद्धा मान डोलवतं. गोळ्या फेकून द्या!"

मागे उभ्या असलेल्या सुचिताला शिसारी आली. ती गावची आशाताई. शेजारी विनिता, सातवा महिना, हिमोग्लोबिन जेमतेम सात. पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या सासूने, सोनाबाईने, महिनाभर तिच्या गोळ्या बंद करून क्षीरामृत पाजलं होतं. बाळंतपणात रक्त जास्त गेलं तर ही पोर हाती लागायची नाही, आणि हा भामटा बायकांच्या परसाकडच्या गोष्टी चघळून टाळ्या मिळवतोय!

सुचिताचा आजा सांगायचा, पूर्वी मासेमारीची सुती जाळी झाडाच्या सालीच्या तुरट पाण्यात रंगवत, आणि त्यात लोखंडी खिळा पडला की पाणी शाईसारखं व्हायचं. ती तरातरा पुढे गेली.

"महाराज, तीर्थ तुरट हिरड्याचं ना?"

"बाई, तीर्थाची परीक्षा घेऊ नये!"

"घेणार." तिने दुसऱ्या ग्लासात तीर्थ ओतून गोळी कुटून टाकली. तेही काळं झालं. मग सोनाबाईच्या पिशवीतला, महाराजांकडूनच विकत घेतलेला डबा उघडून त्यातलं क्षीरामृत घातलं. पाणी गढूळ झालं, पण काळंच राहिलं.

"श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले.

सुचिताने स्वयंपाकघरातून लिंबू आणून त्यात पिळलं. पाणी निवळलं.

"श्रद्धा लिंबात हाय व्हय?" तिने महाराजांच्या वाटीतली भुकटी जिभेवर ठेवली. आंबटढाण! "हे लिंबूफूल, लिंबाचं सत्त्व. दाखवायला हे आणि विकायला दुसरंच!"

महाराजांनी वाटी घाईघाईने उपरण्याखाली सरकवली.

"ऐका गं," सुचिता म्हणाली. "तुरट पाण्यात गोळीतलं लोह पडलं की काळं होतं, आंबटाने रंग जातो. रक्ताशी त्याचा काय संबंध न्हाय. परसाकडला काळं होतं ते अंगी न लागलेलं लोह, विष न्हाय. दुधातली पेप्टाईडं, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, खनिजाला धरून विरघळतं ठेवतात, ते खरं. पण ते हमाल. ओझंच न्हाय तर वाहतील काय? दुधात लोह नावापुरतं. उलट दुधाबरोबर गोळी घेतली तर ती अंगी कमीच लागते."

"गोळ्या मी माडाच्या बुंध्यापाशी पुरल्या," सोनाबाई पुटपुटली. "म्हटलं, इख घरात नको."

"आई, मला विचारायचं तरी," विनिता म्हणाली. "चक्कर मला येते, पोटातलं पोर माझं हाय."

सोनाबाईला वर बघवेना. सुचिताने पिशवीतून गोळ्यांचं नवं पाकीट काढलं. विनिताने सगळ्यांदेखत एक गोळी पाण्याबरोबर गिळली, आणि तपासणीसाठी ती आणि सुचिता तिथूनच अलिबागच्या रिक्षात बसल्या.

बायांनो, कुणी ग्लासात चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी ग्लासात काय होतं ते विचारा. आणि रक्त वाढलं की नाही, हे महाराजांना नका विचारू. रक्त तपासून बघा.