पेन्सिलीने लिहिलेली ‘गर्दी’

मी एक जुनी मेणाची वडी आहे. मित्रांनो, माझा जन्म १९८८ सालचा. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली आणि तिचा नखाएवढा तुकडा माझ्या पोटात कायमचा बसवला. मेणाची असून मी कधी पेटले नाही.

इस्पितळाच्या तपासणी खोलीत माई काम करत. माझे पापुद्र्यासारखे काप काढून त्या कोमट पाण्यावर तरंगवत, मग काचेवर घेऊन रंगवत. एकदा सूक्ष्मदर्शकात डोकावून म्हणाल्या, “अहो डॉक्टर, गाठीत निळ्या ठिपक्यांची केवढी गर्दी! शरीराचे सैनिकच ना हे?”

“सूज आहे ती. माई, तुम्ही कापा, मी वाचतो.”

माई पुन्हा कापायला लागल्या. पण माझ्या कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, ‘गर्दी’.

पुढे अकरा वर्षं मी खणात पडून होते. माई निवृत्त होणार, त्याच आठवड्यात जुने खण रिकामे करायचा हुकूम आला. भांडारवाला हसला, “मेणबत्त्या करू का यांच्या?”

“आधी मला वितळव!” माई म्हणाल्या. आम्हा सगळ्यांना त्यांनी पत्र्याच्या डब्यांत भरून कपाटात ठेवलं.

२०१३ साली त्या शिवणकामवालीची मुलगी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत नव्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “आईला झालं, मामाला झालं. आता माझा नंबर आहे का, तेवढं सांगा.”

बाईंनी मला शोधलं. तो शब्द वाचून त्या थबकल्या आणि त्यांनी नवे काप काढून तपासले, तेव्हा कारण कळलं. पेशींची नक्कल होताना चुका दुरुस्त करणारा कारागीरच या घराण्यात जन्मापासून अधू होता. चुका साचून गाठीच्या पेशी इतक्या विचित्र झाल्या, की सैनिकांनी त्यांना परकं ओळखलं आणि आत गर्दी केली. मुलीच्या रक्तातही तोच दोष निघाला. लगेच दुर्बिणीने आतडं तपासलं, तर एक लहानसा कोंब सापडला. कर्करोग व्हायच्या आधीच तो खुडला.

मामा लवकर गेले. शिवणकामवाली मात्र शस्त्रक्रियेनंतर एकवीस वर्षं जगली. त्यात सैनिकांचाही वाटा असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मुलगी दरवर्षी तपासणीला येते. जुने डॉक्टर काठी टेकत आले, काच पाहिली आणि माईंना फोन लावला, “माई, वाचलं तुम्हीच. मी नुसतं बघितलं.” पलीकडून माई म्हणाल्या, “बरं झालं, खोडरबर तुमच्या हाती नव्हतं!”

मित्रांनो, खण जरूर आवरा. फक्त टाकण्याआधी आमच्या कडेला काय लिहिलंय, ते एकदा वाचा.