मधुकरच्या घरातली शपथ

प्रेमा मधुकरच्या घरी टीव्ही बघायला गेली आहे, हे कळल्यावर शेवंतीच्या डोक्यात तिडीक गेली. हाताला लागलेलं पीठही न धुता ती चाळीच्या टोकाच्या खोलीकडे निघाली. त्या घराची पायरी चढायची नाही, असं तिने पोरीला शंभरदा बजावलं होतं.

घाटकोपरच्या त्या चाळीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता. त्या शनिवारी दिल्लीत नवे राष्ट्रपती शपथ घेणार म्हणून निम्मी चाळ तिथे जमली होती. शेवंती दारातच थांबली. पुढे पोरं मांडी घालून बसली होती, त्यांत प्रेमाही होती. पडद्यावर राष्ट्रपती इंग्रजीत शपथ घेत होते आणि खुर्चीत बसलेला मधुकर पोरांना मराठीत समजावत होता.

"देवाला साक्षी ठेवून शब्द देतायत. शपथ म्हणजे खेळ नाही रे पोरांनो. एकदा घेतली की जीव गेला तरी मोडायची नाही."

"मग तू कशी मोडलीस?" शेवंती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. मधुकर उठून उभा राहिला. "वहिनी, आत या ना. बसा."

"बसायला नाही आले. कोर्टात तू पण शपथ घेतलीस ना? खरं सांगेन म्हणालास. आणि मग काय सांगितलंस, ते सांग या पोरांना."

त्याने काय सांगितलं होतं, ते चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेवंतीचा नवरा धाकू वर्कशॉपमध्ये मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला आणि जागीच गेला. पट्ट्यावरची जाळी मालकानेच काम भराभर व्हावं म्हणून काढून ठेवली होती. पण तिथला सुपरवायझर मधुकर कोर्टात म्हणाला की जाळी धाकूने स्वतः काढली, तो दारू पिऊन आला होता. केस तिथेच संपली.

"माझा नवरा माळकरी होता," शेवंतीचा आवाज चढला. "दारूचा थेंब घेतला नाही कधी. मेलेल्या माणसाला दारुडा ठरवलंस तू! त्याच्या पोरीला शाळेत दारुड्याची पोर म्हणतात!"

टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू झालं. मधुकर घाईघाईने ताठ झाला. पोरं उठली, मागे भिंतीला टेकलेले पुरुषही सावरून उभे राहिले.

"राष्ट्रगीत चाललंय हो," मधुकरची बायको जयंती दबक्या आवाजात म्हणाली. "निदान आता तरी गप्प राहा."

"कोर्टात गप्पच बसले होते मी! जज्जसाहेब समोर, गप्प राहा. वकील बोलतायत, गप्प राहा. आता टीव्ही गातोय म्हणून पण गप्प राहू?"

"मग मी काय करायला हवं होतं?" मधुकर एकदम ओरडला. "मालकाने सांगितलं तसं बोललो! नाही बोललो असतो तर मी रस्त्यावर आलो असतो. मलाही पोरं आहेत!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तोंडावर हात दाबून तो मटकन खुर्चीत बसला. जयंतीने टीव्ही बंद केला. बायका पोरांना उठवून बाहेर पडू लागल्या. शेवंतीने प्रेमाचं मनगट धरलं आणि तिला ओढतच घरी आणलं. तिला जराही मोकळं वाटलं नाही. उलट अंगाची आग आणखीच वाढली. म्हणजे मालकाने पढवलेलं हा जाणूनबुजून बोलला होता, आणि तरी रोज नळावर भेटला की हा हसून विचारत होता, "काय वहिनी, बरं ना?"

दुपारी दत्ताराम दारात येऊन उभा राहिला. तो धाकूच्या गावचा आणि त्याच वर्कशॉपमधला; मघाशी मधुकरच्या घरी भिंतीपाशी तोही उभा होता.

"वयनी, चला वकिलाकडे. मधुकर काय बोललो ता मी माझ्या कानान आयकलंय. जाळी कोणी काढली ता पण मी सांगतंय."

शेवंती उंबऱ्यापाशी आली. "तू तेव्हा बाजूच्या मशीनवर होतास ना दत्ताराम? मग इतके दिवस कुठे तोंड लपवून बसला होतास?"

तिला त्याच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने हात पुसले, प्रेमाला शेजारी सोडलं आणि चपला पायात सरकवल्या.

"तू पुढे हो," ती म्हणाली. "बरोबर चालू नकोस माझ्या."