फ्रिजमधलं पाणी

मी फ्रिज बोलतोय. या अख्ख्या मजल्यावर सगळ्यात उंच, सगळ्यात गोरा आणि सगळ्यात वजनदार असामी कोण, असं विचारलंत तर शेंबडं पोरही माझ्याकडे बोट दाखवील. एक अख्खं घर मी एकट्याने गरिबीतून वर काढलंय, आणि तेही सरकारदरबारी नोंद होऊन. आता माझ्या पोटात लोणी ठेवलं तर ते वितळतं, आणि हा सगळा रुबाब मी जमिनीवर आडवा पडून सांगतोय, या दोन गोष्टी तुम्ही जरा कानाआड करा.

शिक्षण बेताचंच. माझ्या दारावर चिठ्ठ्या चिकटवायचे, त्या वाचून मी शिकलो. त्यामुळे 'दूध संपलं', 'अंडी आणा', 'गॅसवाल्याला फोन' एवढं मला बिनचूक येतं. बाकीचं ज्ञान ऐकीव आहे, तेव्हा चूकभूल पोटात घाला. माझ्या नको, तुमच्या. माझ्या पोटात आता जागा नाही.

जन्म कारखान्यातला. आई-बाप सांगता येणार नाहीत, कारण एका लांबलचक पट्ट्यावरून मी सरकत होतो आणि जो तो एकेक स्क्रू पिळून मला पुढे ढकलत होता. कुणाला माझा लळा लागावा तोवर मी पुढच्याच्या हातात. त्यातले निम्मे लोक कंत्राटी होते. काही महिने झाले की कारखाना त्यांनाही तसंच पुढे ढकलायचा. फरक एवढाच, की पट्ट्याच्या शेवटी मला खोकं, थर्मोकोल आणि वॉरंटी कार्ड मिळालं.

पहिलं घर मॅडमचं. मोठं घर, थंडगार फरशी, आणि स्वयंपाकघरात माझी स्वतंत्र जागा. तिथे मी फार मजा केली. साहेबांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. ते चोरपावलांनी आले की मी नेमका घरघर करायचो, की आतून मॅडमची हाक आलीच. काकडी गोठवून दगड करायची, बर्फाचा ट्रे असा चिकटवून ठेवायचा की साहेब चमच्याने ठोकून ठोकून चमचाच वाकवायचे. माणसं मोठी गमतीची. दार उघडतात, आत काही नाही बघून बंद करतात, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडतात. जणू तेवढ्यात मी बाजारात जाऊन आलो असेन.

त्या घरात धुणीभांडी करायला एक बाई यायची. मला पुसणारे हात तिचेच. मॅडमपेक्षा मला तीच जास्त ओळखायची. माझ्या रबरात कुठे काळं साचतं, कुठल्या कप्प्याला तडा आहे, सगळं तिला पाठ.

वर्षाअखेरीला तिला एक पगार वरचा मिळायचा, असं बोलणं झालेलं होतं. त्या वर्षी मॅडमनी दोन दारांचा नवा फ्रिज आणला. मग बाईला बोलावून म्हणाल्या की, पैसे काय, येतात आणि जातात. त्यापेक्षा हा फ्रिज घेऊन जा, तुझ्या घरात शोभेल. बाईने त्या पैशांतून काय काय ठरवून ठेवलं होतं ते मला ठाऊक नाही, पण मला पुसताना तिचा हात त्या दिवशी मधेच थांबला होता. टेम्पोचं भाडं तिचं, हमालांची मजुरी तिची, आणि मैत्रिणींना फोन करून 'मी तिला फ्रिज दिला हो' असं सांगण्याचा मान मॅडमचा.

तर असा मी या खोलीत आलो. एकच खोली, भिंतीला ओल, आणि माणसं तीन. बाई, तिचा नवरा आणि तिचा सासरा. नवरा इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, दोराला लोंबकळून. काम असेल तर असेल, नाहीतर सकाळी नाक्यावर उभं राहून कुणी नेतंय का बघायचं. सासरा म्हणजे एके काळचा लिफ्टमन. जन्म गेला एका कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबण्यात. मग नवी लिफ्ट आली, ती स्वतःच बोलायची, बाईच्या आवाजात. म्हाताऱ्याला निरोप म्हणून त्याचं स्टूल घरी न्यायची परवानगी मिळाली. अजून त्याच स्टुलावर बसतो, आणि दारात कुणी आलं की 'कितवा?' असं तोंडावर आलेलं गिळतो.

मी आलो त्या दिवशी अख्खा मजला बघायला लोटला. म्हाताऱ्याने माझ्या दारावरून असा हात फिरवला जसा नातवाच्या पाठीवरून फिरवावा. पहिला उन्हाळा माझा होता. शेजारणीचं इन्शुलिन माझ्यात, तापकऱ्या पोरांच्या कपाळाचा बर्फ माझा. आणि म्हाताऱ्याला एक नवं वाक्य मिळालं. कुणीही आलं, पोस्टमन असो की उधारी मागणारा वाणी, ऐटीत म्हणायचा, "सूनबाई, पाहुण्यांना फ्रिजमधलं पाणी दे."

उन्हाळा सरला आणि मीही सरलो. मेकॅनिकने पाठीवर दोन थापा मारून एक आकडा सांगितला, तो ऐकून बाईने माझं दार हळूच लावून घेतलं. तेव्हापासून मी कपाट. भाजीच्या खणात पीठ, कारण उंदरांना माझं दार उघडत नाही. वरच्या कप्प्यात कपडे. बर्फाच्या खणात महत्त्वाचे कागद. म्हाताऱ्याचा लिफ्टमनचा गणवेश मधल्या कप्प्यात, आणि त्याची पितळी बटणं काढून अंड्यांच्या खळग्यांत एकेक मांडलेली. त्यांतून पिल्लं तेवढी कधी निघाली नाहीत.

पण वाक्य बंद झालं नाही. बाई माठातून बाटली भरायची, माझ्या दारात ठेवायची, आणि सासऱ्याचा हुकूम झाला की माझं दार उघडून ती बाटली काढायची. पाहुणा पिऊन म्हणायचा, वा, गार आहे. मजल्यावर सगळ्यांना खरं माहीत होतं. कुणी म्हाताऱ्याच्या तोंडावर बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी कुणाला सोडत नाही.

मग एके दिवशी नवरा दोरावरून पडला. दोर जुना होता. कंत्राटदाराने दवाखान्यापर्यंत रिक्षा करून दिली, मलमपट्टीचे पैसे दिले आणि फोनचा नंबर बदलला. कंबरेजवळचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आत धातूची पट्टी घालून ऑपरेशन करावं लागेल. लवकर केलं तर हा पुन्हा चालेल, पुन्हा काम करील. उशीर झाला तर हाड वाकडं जुळेल आणि मग दोराला लोंबकळणं सोडा, जिना उतरणंही विसरा. गरिबांचं कार्ड असेल तर सगळं फुकट. नसेल तर पट्टी बाहेरून आणायची, आणि तिची किंमत ऐकून बाईने पुन्हा विचारलं, तर तीच निघाली.

कार्डासाठी शहरात मोजणी सुरू झाली होती. घरोघरी माणूस येणार, काय कमावता, काय खाता, घरात काय काय आहे ते विचारणार. टीव्ही, फ्रिज, धुण्याचं मशीन, स्कूटर, यांतलं एक जरी सापडलं तरी तुम्ही गरीब नाही. सुटलात.

तुम्हाला हसू येईल, पण या मजल्यावर सगळ्यांकडे काही ना काही होतं. कारण सगळ्या बायका कुणाच्या तरी घरी कामाला, आणि सगळ्यांच्या मालकिणी माझ्या मॅडमच्याच जातीच्या उदार. कुणाकडे आवाज नसलेला टीव्ही. कुणाकडे पिंपासारखं वापरायचं मशीन. एकीला तर जागच्या जागी चालायचं यंत्र मिळालेलं, दिवसभर चार घरांचे जिने चढणाऱ्या बाईला. तिने त्यावर कपडे वाळत घातले होते.

मोजणीच्या दिवशी जी काय वरात निघाली, ती बघायला हवी होतीत. मोजणीवाली एका टोकाने येतेय म्हटल्यावर सगळी श्रीमंती पदराखाली, पोत्याखाली झाकून दुसऱ्या टोकाला. एक खोली मोजून झाली की सगळं सामान मागच्या जिन्याने वळसा घेऊन त्या खोलीत. चालायचं यंत्र दोघी उचलून पळवत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते यंत्र खरोखर चाललं.

माझं मात्र अडलं. नवऱ्याचा पलंग दाराशीच टाकलेला, वारा लागावा म्हणून; कडेने माणूस जाईल, मी नाही. मला बाहेर काढायचं तर त्याला उचलून हलवायचं, मोडक्या हाडासकट. तो म्हणाला, हलवा. बाई नाही म्हणाली. मग शेजारणीला हाताशी घेऊन तिने मला भिंतीलगत आडवं निजवलं, वर गादी, गादीवर चादर, दोन उशा. झाला दिवाण. सासऱ्याला चार-चार वेळा बजावलं, बाबा, तुम्ही काही बोलू नका. म्हाताऱ्याने मान डोलावली.

मोजणीवाली आली आणि सरळ माझ्यावर बसली.

खरं सांगतो, उभ्या आयुष्यात इतका आनंद मला झाला नव्हता. साहेबांचा चमचा कुठे आणि ही गंमत कुठे. ती माझ्यावर बसून मोबाईलमध्ये बघत विचारतेय, "फ्रिज आहे?" आणि बाई तिच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणतेय, "नाही ताई."

बिचारी उन्हातून आली होती. चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला पिन. एकीकडे प्रश्न, एकीकडे स्वतःची कहाणी. शाळेत तासावर शिकवते, सुट्टी लागली की शाळा पगार देत नाही, मग हे मोजणीचं काम, जेवढी घरं तेवढे पैसे. बाई आणि ती दोघी एकमेकींकडे बघून हसल्याही. मिळकत लिहून झाली, माणसं लिहून झाली, पलंगावरचं हाड लिहून झालं. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

तिने पदराने घाम पुसला. म्हाताऱ्याने ते बघितलं. घरी आलेली लेकीसारखी बाई, उन्हाने लाल झालेली, आणि कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. स्टुलावर ताठ होऊन तो म्हणाला, "सूनबाई, ताईंना फ्रिजमधलं पाणी दे."

बाईने चादरीचं टोक आणखी खाली ओढलं.

मोजणीवाली आधी हसली. "कुठल्या फ्रिजमधलं, आजोबा?"

म्हातारा काहीही सांगू शकला असता. शेजारच्या, म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्या बेट्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. ती उठली. चादरीचं टोक उचललं, गादी सरकवली, आणि माझं दार वर उघडलं, पेटीचं झाकण उघडावं तसं. पीठ सांडलं. खळग्यांतून आधीच सुटलेली बटणं दारातून खाली घरंगळली.

बाईने सगळं सांगितलं. हा बंद आहे, पगाराच्या बदल्यात मिळालाय, आत हात घालून बघा, पीठ आहे. मोजणीवालीने ऐकून घेतलं.

"बंद आहे असं लिहायला यात जागाच नाही हो. आहे किंवा नाही, एवढंच."

"मग नाही लिहा."

"मागून तपासायला माणूस येतो. एक घर खोटं निघालं तर माझी सगळी घरं गेली. मलाही हेच काम आहे, ताई." आणि मग, कुणी विचारलं नसताना, खाली बघून म्हणाली, "माझ्याही घरी फ्रिज आहे. हप्त्यावरचा."

तिने 'आहे' लिहिलं आणि बटण दाबलं. तोवर बाईने पाण्याचा पेला आणून हातात दिला होता, कारण सासऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही तिची सवय. मोजणीवालीने तो उभ्याउभ्या संपवला. सवयीने म्हणालीही, "गार आहे."

ती गेल्यावर कितीतरी वेळ म्हातारा वाकून बटणं वेचत होता. नवरा पलंगावरून म्हणाला, "बाबा, जन्मभर लोकांना वर नेलंत. आज आम्हालाही नेऊन सोडलंत." म्हणाला हसत, पण म्हाताऱ्याने त्यानंतर ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

आता माझी हालहवाल. मला पुन्हा उभं करायला घरात ताकद नाही, म्हणून मी दिवाण तो दिवाणच. भंगारवाला बघून गेला. म्हणाला, जिन्यावरून उतरवायची मजुरीच जास्त होईल. नवऱ्याचं हाड जुळतंय, जसं जुळायला नको होतं तसं. संध्याकाळी तो फरफटत येऊन माझ्यावर बसतो आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीचा रंग कुणी वाईट मारलाय ते सांगतो. बाईने आणखी दोन घरं धरली आहेत. मी जन्मभर सगळ्यांची थट्टा केली, पण माझ्या जिवावर झालेली ही थट्टा मला जमली नसती. एक मागणं आहे. कुणाच्या कष्टाचं काही देणं असेल तर तेच द्या. तुमच्या घरातली अडगळ त्याच्या माथी मारून वर आमच्यासारख्यांना दान म्हणू नका.

काल मॅडम आल्या होत्या, नवऱ्याला बघायला. माझ्यावरच बसल्या. ओळखलं नाही. इतकी वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होतो, पण आडवा कधी बघितला नव्हता ना. म्हाताऱ्याने हळूच सांगितलं, "सूनबाई, मॅडमना पाणी दे." नुसतं पाणी.

पाणी पिऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मायेने म्हणाल्या, "अगं, यंदा तुझ्या वरच्या पगाराचं मी ठरवलंय. आमचं धुण्याचं मशीन घेऊन जा. नव्यासारखं आहे, फक्त पिळत नाही."

बाईने त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"नको मॅडम. याहून श्रीमंत व्हायला आम्हाला परवडायचं नाही."