नाकाला चिमटा लावून मोजलेल्या पुटकुळ्या
आपल्या तेलानं काय बरं होत नाही, असं कुणी विचारलेलं क्लॅरी हॅझलेटला खपत नसे. ओढ्याकाठच्या टी ट्री नावाच्या झाडाची पानं भट्टीत वाफवून तो चाळीस वर्षं तेल काढत होता. कापलं, भाजलं, डास चावला, सगळ्यावर तेच तेल. गावातले लोक तेल वापरायचे आणि वर त्यालाच हसायचे. शहरातल्या एखाद्या शिकलेल्या माणसानं हे तेल गुणकारी आहे असं कागदावर लिहून द्यावं, एवढी एकच इच्छा म्हाताऱ्याची उरली होती.

त्यामुळे डॉक्टर रेनशॉ मुरुमांवर तेलाची चाचणी घ्यायला आल्या, तेव्हा क्लॅरी त्यांच्या गाडीमागे कुत्र्याआधी धावला. शाळेतली चाळीस मुलंमुली निवडली. निम्म्यांना क्लॅरीच्या तेलाचं जेल, निम्म्यांना औषधाच्या दुकानातलं नेहमीचं मलम. नळ्या सारख्याच, वर नुसता आकडा. कुणाला काय दिलंय ते बंद पाकिटात. मी दवाखान्यातली नर्स. दर गुरुवारी प्रत्येकाच्या तोंडावरच्या पुटकुळ्या मोजायच्या हे माझं काम, आणि कुणाची नळी कसली ते मला कळता कामा नये.

आता या तेलाचा वास म्हणजे दोन खोल्यांपलीकडून हाक मारणारा. म्हणून बाईंनी मला कपडे वाळत घालायचा चिमटा दिला, नाकाला लावायला. तो लावून मी समोर बसले की मुलं हसायची, हसली की गाल हलायचे, आणि मी पुन्हा एकपासून मोजायला लागायची.

क्लॅरीची सोळा वर्षांची नात ब्रॉन त्याच्याच घरी राहायची, आजोबांना पॉप म्हणायची. पहिल्या गुरुवारी तिच्या तोंडावर एकोणपन्नास पुटकुळ्या होत्या, सातव्या आठवड्यात बारा. क्लॅरी तिला पबच्या खिडकीशी घेऊन गेला आणि आतल्या मंडळींना तिचा गाल दाखवला.

"हसा आता," तो म्हणाला.

"पॉप, मी काय प्रदर्शनातली गाय आहे का?"

"गाय असतीस तर एव्हाना बक्षीस मिळालं असतं."

बाराव्या आठवड्यात पाकीट उघडायचं ठरलं. क्लॅरी इस्त्रीचा शर्ट घालून आला. डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं: दोन्ही औषधं लागू पडली. मलम लवकर, तेल सावकाश, पण मलमानं झाली तेवढी कातडीची आग तेलानं झाली नाही. क्लॅरीचे डोळे भरून आले. माझेही. मग त्यानं विचारलं, "आणि आमची ब्रॉन?"

बाईंनी आकडा शोधला. ब्रॉनला मलम मिळालं होतं.

ब्रॉनच म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पॉप. नळीला वासच नव्हता. नळीबद्दल बोलायचं नाही असा नियम होता. आणि नंतर तू एवढा खूश होतास की माझ्याच्यानं सांगवेना."

"गावभर मी मिरवलो, आणि तू गप्प बसलीस?" क्लॅरी म्हणाला.

"मिरवलं मला, पॉप. तुला कुणी मिरवलं?"

डॉक्टरबाई खाकरल्या. "ही मुलगी भट्टीला लागूनच राहते. घरभर तेल, तिलाही ते लागतच असणार. तिला चाचणीतून वगळलं तर कुणी बोट दाखवणार नाही. मलमवाल्यांत तिच्याएवढा सुधारलेला चेहरा दुसरा नाही. ती गेली की तुमचं तेल मलमाच्या आणखी जवळ येईल."

मी मनातून म्हटलं, घे म्हाताऱ्या, आयतं ताटात आलंय.

क्लॅरी नातीकडे वळला. "तोंडाला आपलं तेल लावलंस?"

"थेंबभरसुद्धा नाही. शप्पथ."

"मग तिला मलमवाल्यांतच मोजा," तो बाईंना म्हणाला. "चाळीस वर्षं मी सांगतोय की तेल खरं आहे. आता कागद खोटा करून घेऊ?"

बाईंनी मान डोलावली आणि आकडा तसाच ठेवला. या म्हाताऱ्याला मीही वर्षानुवर्षं हसले होते, त्याची मला तेव्हा मनापासून लाज वाटली.

त्यानं टोपी उचलली. "चल ब्रॉन, पबवर जाऊ. पाच आठवडे खोटं सांगितलंय, आता खरं सांगायला हवं."

"मी कशाला?"

"एकटा गेलो तर मला हसतील. तू आलीस तर निदान तुझ्या गालाकडे बघत बसतील."